पुढच्या कारवीपर्यंत

ब्लॉकला तडा आहे, मुश्ताकभाई म्हणाले,
केसाएवढा. नखानं दाखवला.
मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं,
मग मीच म्हणाले, हो, दिसला.

वेल्ह्याच्या वरच्या वाटेला पाणी उकळलं होतं.
मागे बावीस पेट्या, तोंडाला जाळी ठोकलेल्या,
आणि पहाट व्हायला आलेली.
मधमाश्यांना उजेड कळतो, रेडिएटर कळत नाही.
माशी कुठे शिंकली, असं कुणी विचारलं
तर मी हल्ली हसत नाही.

आता बॉनेट उघडं पडलंय कोंढव्यात.
इंजिन साखळीला, खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये थेंब,
आणि त्याच्या जागी एवढा खड्डा
की चार पेट्या मावतील, असं मनात येऊन गेलं.

भावोजी आले रविवारी, खास बावधनहून.
मोठं टाक, म्हणाले, टर्बोवालं,
घाट कसा खाते बघ.
मुश्ताकभाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला.
बसतं की मोठं, म्हणाले.
मग माउंटिंग कापा. मग गिअरबॉक्स रडतो.
मग मागचा अ‍ॅक्सल, दगडात, एकटं असताना.
मग आरटीओतला साहेब विचारतो, हा नंबर कुठला?
भावोजींनी बिस्किट बुडवलं.
ते कपातच राहिलं.

कंपनीच्या नव्याचा आकडा
मुश्ताकभाईंनी तोंडानं सांगितला नाही.
मडगार्डच्या धुळीवर लिहिला
आणि तळव्यानं पुसला.

राहिलं जुनं.
नाना पेठेत तीन दुकानं, मोशीच्या पुढे दोन वखारी.
प्रत्येक इंजिन एकाच हाताखालचं, डॉक्टरांच्या गाडीतलं.
पुण्यात इतके डॉक्टर,
आणि सगळ्यांनी पिकअपच चालवली.

शेवटच्या वखारीतल्या पोराला अजून खोटं जमत नव्हतं.
न विचारताच म्हणाला,
ताई, ही ताम्हिणीत उलटलेली.
माणूस वाचला. पाय गेला.
आणि बॅटरी जोडून, डिझेलचा कॅन खुंटीला लटकवून
त्यानं ते जमिनीवरच सुरू केलं.

मुश्ताकभाईंनी लांब पेचकस ब्लॉकवर टेकवला,
मूठ कानाला लावली. ऐकलं. काही बोलले नाहीत.
पेचकस माझ्याकडे दिला.

राणी असलेल्या पेटीवर टिचकी मारली
की आत एकदम गलका उठतो आणि बसतो.
राणी गेलेली पेटी बसत नाही,
तिचा आवाज लांबत जातो, पोकळ, दुपारभर.
हे मला कुणी शिकवलं नाही,
सतरा वर्षं कान लावून लावून आलं.
पोरानं रेस दिली, सोडली.
आवाज वर गेला
आणि आपल्या जागी येऊन बसला.

हेच, मी म्हणाले.

मुश्ताकभाईंनी विचारलं, कितीला चालवायची आहे?
लाख? दीड लाख किलोमीटर?
मी म्हणाले, पुढची कारवी फुलेपर्यंत.
ते थांबले. मग सांगावं लागलं:
सात वर्षांनी एकदा फुलते, अख्खा डोंगर जांभळा,
मध इतका घट्ट की चमचा उभा राहतो.
गेल्या खेपेला मी शेजारच्या सीटवर होते,
थर्मास धरून,
आणि वळण आलं की उगाच पाय दाबायचे,
माझ्या बाजूला ब्रेक नसताना.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
रिंगा नव्या टाकतो, म्हणाले, बेअरिंगही. सात निघतील.

जुन्याचं काय करू? किलोवर जाईल.
जाऊ दे, म्हणाले मी, आणि मग म्हणाले, थांबा,
आणि डिपस्टिक तेवढी काढून घेतली.
मुठीपाशी मेण चिकटलेलं होतं,
बोटाचा ठसा असलेलं,
माझ्या बोटापेक्षा रुंद.

सोमवारी गाडी मिळाली.
पहिले हजार किलोमीटर सावकाश,
मुश्ताकभाईंनी बजावलं, आणि रिकामीच चालवा.
रिकामी घेऊन कुठे जायचं
ते काही बोलले नाहीत.